हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की अण्णा सकाळीच दाढी करून बसतात.
जिवंत आहे हे सांगायला जायचं
तर जरा बरं दिसावं, म्हणतात.

कोपरीतली बँक पहिल्या मजल्यावर. लिफ्ट बंद.
अण्णा पायऱ्या मोजतात. बावीस.
मागल्या वर्षीही बावीसच होत्या.

पेन्शनी दोन. एक फौजेची, एक पोलिसांची.
तिकडे हवालदार होऊन सुटलेला माणूस
तेहतिसाव्या वर्षी इकडे पुन्हा शिपाई झाला,
पुन्हा पहिल्यापासून सलाम ठोकू लागला,
आणि रिटायर होताना पुन्हा हवालदारच.
यावर ते स्वतःच हसतात. आम्ही हसलेलं चालत नाही.

"अंगठा ठेवा, आजोबा."
लाल उजेड. जुळत नाही.
मी ओढणीने पुसते. जुळत नाही.
तर्जनी, मधलं, करंगळीसुद्धा.
"बोट सैल सोडा," काउंटरवरची मुलगी म्हणते, "मी फिरवते."

अण्णा तिच्याकडे बघतच राहतात.

पंचवीस वर्षं हे वाक्य त्यांचं होतं.
राबोडी, नौपाडा, वागळे.
पितळी पट्टीवर शाईचा रूळ फिरवून
समोरच्याचा थरथरता पंजा हातात घ्यायचा:
सैल सोड रे, मी फिरवतो.
घरी साबणाच्या वडीवर काळे ओघळ,
आणि आईची कुरकुर.

त्याच्याही आधी हीच बोटं
शकरगडच्या डिसेंबरात, पोटावर पडून,
सळई तिरकी धरून जमीन विचारत गेलेली.
तिरकीच. सरळ टोचली की संपलं.
एक वीत. थांब. अजून एक वीत.
मागे रणगाडे, इंजिनं चालू ठेवून.
पुढचं अण्णा सांगत नाहीत.
एवढंच सांगतात, नाक गळायचं
आणि पुसता यायचं नाही.

"धनावडे साहेब ना?"
रांगेतून एक म्हातारा.
मफलर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक.
"मोरेश्वर केणी. चेंदणीचा.
शहाऐंशी साल. कंपनीतली तांब्याची तार."
अण्णा आठवतात, किंवा आठवल्यासारखं करतात.
"माझा पण अंगठा उठत नाय बघा.
पॉवर प्रेसवर झिजला.
तुमच्या फायलीत असंल ना, तेवढाच शिल्लक."

दोघं हसले. मग केणी माझ्याकडे वळून,
जणू मीच न्यायाधीश:
"यांनी कोर्टात सांगितलं, तार माझ्याकडं नाय मिळाली म्हणून.
वरच्या साहेबानं लिहून दिलेलं वेगळंच होतं.
हे खरं बोलले. मी सुटलो."

शहाऐंशी.
मी चौथीत होते.
सहामाहीच्या आधी शाळा बदलली,
मोखाड्याच्या एका खोलीत बिऱ्हाड,
आईचा दमा, कंदील,
आणि बाबांची बदली झालीय एवढंच उत्तर,
चार वर्षं पुरवून पुरवून वापरलेलं.

मी अण्णांकडे बघितलं.
ते खिशातला पेन उगाच उघडझाप करत होते.

शेवटी डोळ्यांचं यंत्र आलं.
"पापणी हलवू नका, आजोबा."
नाही हलवली. मुलगीच म्हणाली,
झालं, झालं, आता मिटा.

रावजी भागोजी धनावडे, हयात.
कागद चारदा दुमडून वरच्या खिशात.
केणीसाठी आम्ही थांबलो. त्याचे डोळे पहिल्याच फटक्यात जुळले.
चहा त्याने पाजला, अण्णांनी पाजू दिला.
चोराकडून, म्हणाले, आयुष्यात घेतला नाही,
तू काही चोर नाहीस.
केणीने बशीत फुंकर घातली, बोलला नाही.

घरी येताना फुटपाथ पुन्हा उखडलेला,
पेव्हर ब्लॉक डुगडुगणारे.
मी हात पुढे केला. त्यांनी घेतला नाही.
काठी तिरकी धरून
पुढच्या फरशीला हळूच विचारलं,
थांबले,
मग मला म्हणाले, ये,
माझ्या पावलावर पाऊल ठेवून ये.